उजवा कौल

त्सुफेनहाउझेनच्या फिजिओमध्ये मालिनीबाईंच्या गुडघ्यांवर गरम पॅक ठेवायला मार्च महिन्यात एक नवी बाई आली. उंच, पंचेचाळिशीची, कामात चटपटीत. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं मरियामा. तोवर मालिनीबाईंचं जर्मनीतलं बोलणं 'गुटन टाग' आणि 'डांके' यांच्या मधोमध जेवढं मावेल तेवढंच होतं. त्या दिवशी का कोण जाणे, त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तू मूळची कुठली गं?"

"गांबियाची," ती पॅक नीट करत म्हणाली. "तुम्हाला ठाऊक नसेल. नकाशात बोट ठेवलं तर बोटाखाली दिसेनासा होतो, एवढा देश."

मालिनीबाई उशीवरून अर्ध्या उठल्या. "सुमोलू ले?" त्यांनी विचारलं.

मरियामाचे हात थांबले. मांडिंका लोकांची ही रामराम करण्याची रीत. घरची माणसं कुठे आहेत, असं विचारायचं, आणि समोरच्यानं म्हणायचं, आहेत, तिथंच आहेत. कोणी आजारी असो, कोणी गेलेलं असो, आधी हेच म्हणायचं.

"इबे जे," मरियामा हळूच म्हणाली, आणि मग हसत सुटली. "आंटी, जर्मनीत नऊ वर्षं झाली मला. एवढ्या वर्षांत एकाही पेशंटनं मला हे विचारलं नाही."

मालिनीबाईंचे यजमान पद्माकर पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. चौऱ्याऐंशी साली भातशेतीच्या एका प्रकल्पावर त्यांची गांबियात तीन वर्षांसाठी नेमणूक झाली. नदीतल्या एका बेटावर, जॉर्जटाउन नावाच्या लहानशा गावात, पत्र्याच्या छपराचं घर मिळालं होतं. प्रकल्पाच्या जीपचा ड्रायव्हर होता सुलेमान. त्याची बायको बिंता मालिनीबाईंच्या मदतीला यायची आणि पहिल्या महिन्याभरातच मदत बाजूला राहून मैत्रीण झाली. दोघी तेहेतीस-चौतिशीच्या. दोघींच्या लग्नाला दहा-दहा वर्षं झालेली आणि दोघींच्या घरात पाळणा नाही. यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. बोलावं लागत नव्हतं.

गुरुवार हा गुडघ्यांचा टर्मिन, फिजिओची ठरलेली वेळ. पण आता मालिनीबाई बुधवारपासूनच त्याची वाट बघू लागल्या. पॅकची वीस मिनिटं त्यांना पुरेनात. फेरीबोटीवर चढवताना बकऱ्या कशा अडायच्या, पहाटे पाणघोड्यांचं घोरणं कसं ऐकू यायचं, बिंतानं त्यांची दाण्याची आमटी चाखून "ही तर मांस विसरलेली दोमोदा", म्हणजे त्यांचा शेंगदाण्याचा रस्सा, असं कसं म्हटलं होतं, सगळं त्यांना तारीखवार आठवत होतं. सून ईप्सिता त्यांना न्यायला यायची तर खुर्चीत बसून ऐकत राहायची.

"अहो आई, हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"तू कधी दाण्याची आमटी मागितली नाहीस."

एकदा त्यांनी नदीतल्या माकडांच्या बेटांची गोष्ट सांगितली. तिथं चिंपांझी आणून सोडले होते. बेटावर माणसानं पाऊल ठेवायचं नाही, असा नियम. नावाडी दोन पैसे जास्त मिळतील म्हणून नाव काठाला लावायला तयार होता. पद्माकरांनी त्याला मधल्या प्रवाहातच थांबायला लावलं. मालिनीबाई चिडल्या होत्या. "इथं कोण बघतंय? एक पाऊल ठेवलं तर काय बेट बुडणार आहे?" पद्माकर म्हणाले होते, "कोणी बघत नाही म्हणूनच नियम असतो, मालू. बघत असतात तिथं पोलिस असतो."

मरियामाला हे फार आवडलं. "तुमच्या यजमानांना आमच्याकडे नोकरी द्यायला हवी होती," ती म्हणाली. "अजूनही कोणी उतरू देत नाहीत तिथं. आणि आंटी, तुमचं जॉर्जटाउन आता जांजांबुरे झालंय. माझं गाव कुंताउर. वासूचे दगड पाहिलेत का तुम्ही? माझ्या घरापासून चालत अर्धा तास. आता जागतिक वारसा आहे तो. कुंपण आहे, तिकीट आहे, लहानसं म्युझियम आहे. माझा मामाच राखणदार आहे तिथं."

मालिनीबाई म्हणाल्या, "पाहिले असतील. इतक्या वर्षांनी कुठे आठवतंय."

तारीखवार आठवणाऱ्या बाईच्या तोंडी हे वाक्य शोभण्यासारखं नव्हतं. पण मरियामानं घड्याळ पाहिलं आणि पॅक काढून घेतला.

त्या उतरल्या, चप्पल घातली, आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या. "मरियामा, तुझ्या आईला विचारशील का? बिंता सीसे. सुलेमान ड्रायव्हरची बायको. कुठे आहे, कशी आहे, एवढंच."

"विचारते की. आमच्याकडे कोणी हरवत नाही आंटी, देशच तेवढा."

वासूला त्या गेल्या होत्या पंच्याऐंशीच्या संक्रांतीला. वासू हे नाव ऐकून पद्माकर वाटेभर चेष्टा करत होते, "माझा एक मावसभाऊ आहे या नावाचा, तोही असाच दगड आहे." माळावर तांबड्या जांभ्या दगडाचे खांब गोल करून उभे होते. काही पुरुषाच्या डोक्याच्या वर गेलेले, काही कमरेएवढे. हजारएक वर्षांपूर्वीची थडगी आहेत म्हणे, कोणाची ते कोणालाच माहीत नाही. खांबांच्या माथ्यावर लहान लहान दगड ठेवलेले होते. येणारा प्रत्येकजण ठेवतो, सुलेमान म्हणाला. तेव्हा तिथं कुंपण नव्हतं, तिकीट नव्हतं, राखणदार नव्हता. एक बाई सावलीत शेंगा विकत होती, तेवढीच.

बिंतानं नदीवरून येताना एक गोटा आणला होता. काळा, गुळगुळीत, कोंबडीच्या अंड्याएवढा. तिनं तो एका खांबावर ठेवला, त्याच्यावर तळवा टेकला, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच राहिली. मग ती पाणी प्यायला जीपकडे गेली.

मालिनीबाई राजापूरकडच्या. गावच्या देवाला कौल लावताना त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. गुरव पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा, आणि सगळे श्वास धरून बघत राहायचे. उजवी कळी पडली की देवानं हो म्हटलं. पडलेली कळी आपली. ती ओच्यात बांधून घरी न्यायची, देवानं दिलेलं कोणाला परत करायचं नसतं. संक्रांतीचा दिवस, समोर देवासारखे उभे असलेले पाषाण, आणि पर्समध्ये कुंकवाचा करंडा. त्या पुढे झाल्या आणि खांबाला हळदीकुंकू लावलं. तांबड्या दगडावर कुंकू दिसेचना, म्हणून जरा दाबून लावलं. मनात म्हणाल्या, तू कुठला कोण देव आहेस मला माहीत नाही, पण मला एक मूल दे. तेवढ्यात त्यांच्या हाताचा धक्का लागला की वारा आला, कोण जाणे, बिंताचा गोटा माथ्यावरून घरंगळला आणि त्यांच्या उजव्या बाजूला, पदराच्या घोळात येऊन पडला.

उजवा कौल.

गोटा बिंताचा आहे हे त्यांना दिसत होतं. पण त्या क्षणी तो बिंताचा राहिला नव्हता, देवानं टाकलेली कळी होता. त्यांनी तो पदराच्या गाठीत बांधला. पद्माकर लांब उभे राहून खांबांची उंची मोजत होते. कोणी बघत नव्हतं.

एप्रिलात त्यांना दिवस गेले. बिंता त्यांच्या पायांना तेल लावायला बसायची. एका दुपारी म्हणाली, "मालिनी, त्या दगडांपाशी मीही तेच मागितलंय. माझी आजी सांगायची, आपला दगड जागेवर आहे तोवर आपलं मागणं बोलत असतं. पुढच्या आठवड्यात जाऊन बघून येते." गेली, आणि परत येऊन काही बोलली नाही. दोन दिवसांनी भाजी चिरताना एवढंच म्हणाली, "कोणीतरी उचलला." मालिनीबाईंच्या तोंडाशी शब्द आले होते. त्या वेळी पोटात यशोधननं पहिल्यांदा पाय मारला, आणि त्यांनी ओठ मिटून घेतले.

तेव्हापासून तो गोटा त्यांच्या देवघरात होता. कोल्हापूर, पुणे, आणि पद्माकर गेल्यावर इथं मुलाकडे. कोणी विचारलं तर म्हणायच्या, तांदळा आहे, घरची देवी. घडवलेली मूर्ती नसली तरी देवीच ती. रोज हळदीकुंकू, रोज फूल. पद्माकरांनाही त्यांनी कधी खरं सांगितलं नाही. त्यांनी माकडांच्या बेटाची आठवण करून दिली असती.

जुलैमध्ये मरियामा सांगू लागली की तिचा उरलाउब, म्हणजे रजा, मंजूर झाला, तीन वर्षांनी चार आठवडे घरी चाललीय. मालिनीबाईंच्या मनानं घेतलं की हीच वेळ. अर्ध्या तासाच्या अंतरावर घर, मामा राखणदार. गोटा हिच्या हाती द्यायचा, सगळं सांगायचं, आणि बिंता असेल तर तिलाही हिच्याकरवीच सांगायचं. माफी मागायला चाळीस वर्षं फार होतात, पण न मागण्यापेक्षा बरी.

एकच भीती होती, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. यशोधन त्या गोट्याचा होता. गेल्या वर्षी एकोणचाळिसाव्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली, स्टेंट बसवला. हॉस्पिटलात तो आत असताना त्या घरी गोट्यासमोर बसून होत्या. गोटा घरातून गेला तर? शिकल्यासवरलेल्या बाईनं असलं मनात आणू नये, हे त्यांना कळत होतं. मनाला कळत नव्हतं.

तरी त्यांनी ठरवलं. मरियामाला रविवारी जेवायला बोलावलं. सकाळी गोट्याचं कुंकू धुतलं, पुसला, आणि पद्माकरांच्या धुवट रुमालात बांधून देवघराच्या खणात ठेवला.

मरियामा हिरव्या फुलाफुलांच्या पोशाखात, डोक्याला तसाच रुमाल बांधून आली. कोट नसलेली ती वेगळीच दिसत होती, कोणाच्या तरी घरची थोरली सून असावी तशी. दाण्याची आमटी तिनं तीनदा घेतली.

"मांस कुठे गेलं याच्यातलं, आंटी?"

"बघा," ईप्सिता म्हणाली, "आईंची गोष्ट खरी निघाली."

यशोधननं देशाबद्दल विचारायला सुरुवात केली. मरियामानं फोनवर फोटो दाखवले. कुंपण, फाटक, पाटी, आणि तेच तांबडे खांब. माथ्यावर तसेच लहान लहान दगड. मालिनीबाईंनी चष्मा लावला आणि काढला.

"इथून काहीच न्यायचं नाही," मरियामा सांगत होती. "मामा तर लोकांच्या बुटाला लागलेली मातीसुद्धा झटकायला लावतो. आम्ही हसतो त्याला. तो म्हणतो, एकेकानं एकेक खडा नेला तर माझ्या नातवांना मी काय कुंपण दाखवू?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," यशोधन म्हणाला. "बाबा असेच होते."

मग ती मालिनीबाईंकडे वळली. "आंटी, तुमच्या मैत्रिणीचं कळलं. आईनं बरोबर शोधून काढलं."

मालिनीबाईंनी हातातली पोळी ताटात ठेवली.

"सुलेमाननं पुढे दुसरी बायको केली. पहिलीला मूल नव्हतं ना. बिंता माहेरी निघून गेली, बासे गावाकडे. तिथं बाजारात कापड विकायची. आई म्हणते, गल्लीतली सगळी पोरं तिच्याच ओट्यावर खेळायची. सहा वर्षांपूर्वी वारली. मला वाईट वाटतं आंटी, जिवंत असती तर मी तुमचा फोन लावून दिला असता."

"मूल झालंच नाही तिला?" मालिनीबाईंनी विचारलं.

"नाही."

ईप्सितानं सासूच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं मैत्रीण गेल्याचं दुःख. तेही होतंच. पण मालिनीबाई समोर बसलेल्या चाळिशीच्या मुलाकडे बघत होत्या. तो भात कालवत होता, केस विरळ झालेला, पोट सुटलेला, जिवंत.

तेवढ्यात उर्जा उठून हात धुवायला गेली. तेरा वर्षांची नात, मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. देवघरापाशी थबकून तिनं काहीतरी विचारलं. मालिनीबाईंना त्यातला एकच शब्द कळला, 'श्टाइन'. मरियामाला मात्र सगळं कळलं.

"ती म्हणतेय, आज्जीचा दगड आज कुठे गेला? कुठला दगड, आंटी?"

यापेक्षा सोपी वाट देवानंही करून दिली नसती. खण हाताच्या अंतरावर होता. मालिनीबाई उठल्या, रुमाल काढला, गाठ सोडली. गोटा मरियामाच्या तळहातावर ठेवला. तिनं तो उजेडाकडे धरला, अंगठ्यानं चोळला.

"किती सुंदर आहे. आमच्या नदीत असेच मिळतात. कुठला हा?"

मालिनीबाईंनी तोंड उघडलं. आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, शांत, सरावलेला. "नर्मदेचा आहे. आमच्याकडे नर्मदेचे गोटे देवात ठेवतात."

"म्हणजे तुमच्याकडे दगड नदीतून घरी आणतात?"

"हो. आणतात."

"आमच्याकडे उलटं. आम्ही घरून नेऊन ठेवतो." मरियामानं गोटा दोन्ही हातांनी परत दिला. कोणाच्या देवाला द्यावा तसाच मान राखून.

एस-बान स्टेशनापर्यंत ईप्सिता तिला सोडायला गेली. यशोधन ताटं उचलत होता. "आई," तो पाठमोराच म्हणाला, "तू नर्मदेला कधी गेली होतीस गं?"

"तुझ्या जन्माआधी. बाबांबरोबर."

"बाबा तर म्हणायचे, नर्मदा कधी पाहिलीच नाही म्हणून."

"त्यांना कुठे सगळं लक्षात राहायचं."

त्यानं ताटं ठेवली आणि नळ सोडला. मालिनीबाईंना वाटलं, अजून एकदा विचार. अजून एकदा विचारलंस तर सांगते. त्यानं विचारलं नाही. त्यानं आईला कधीच दोनदा विचारलं नव्हतं, त्याला तसं त्यांनीच वाढवलं होतं.

त्या चार आठवड्यांत फिजिओमध्ये एक तरुण मुलगी पॅक ठेवायची आणि कानात काहीतरी घालून ऐकत राहायची. मालिनीबाई छताकडे बघत पडून राहायच्या. आता दुपारी मरियामा तिथं असेल, असं मोजायच्या. आता फाटकाशी मामाशी बोलत असेल. घरी गोटा परत जागेवर ठेवला होता, पण कुंकू लावायला हात जाईना. नुसता पाण्याखाली धरून पुसायच्या. सहा वर्षांपूर्वीपर्यंत बिंता होती. कापड मोजून देत होती, लोकांची पोरं ओट्यावर खेळवत होती. त्या काळात आपण पुण्यात भिशीला जात होतो, नातवंडाचे लोकरीचे मोजे विणत होतो. एक पत्र लिहायला किती वेळ लागला असता?

सप्टेंबरात मरियामा परतली. उन्हानं आणखी काळी, चेहऱ्यानं ताजी. येताना शेंगदाण्यांची पुडी घेऊन आली. "मांस न विसरता करा," ती म्हणाली, आणि गुडघ्यांवर पॅक ठेवता ठेवता हळू आवाजात सांगू लागली.

"आंटी, तुम्हाला न विचारता मी एक गोष्ट केली. वासूला गेले होते. ईप्सितानं मला स्टेशनवर सांगितलं होतं यशोधनच्या छातीचं. तुम्ही तिकडून इतक्या लांब आहात, गुडघे असे, तुम्ही कधी जाणार? म्हणून तुमच्या नावानं मी एक दगड ठेवला. तुमच्या मुलाच्या आयुष्यासाठी. मामाला सांगून आलेय, हा कोणाला हलवू देऊ नको."

मरियामानं मान वळवून पाहिलं, तेव्हा मालिनीबाईंच्या डोळ्यांच्या कडांमधून पाणी कानांकडे वाहत होतं.

"फार गरम झाला का?"

"मरियामा," त्या म्हणाल्या, "तो गोटा नर्मदेचा नाही."

आणि मग त्यांनी सांगितलं. संक्रांत, हळदीकुंकू, पदर, एप्रिल महिना, पायांना लागलेलं तेल, भाजी चिरताना बिंता म्हणाली ते. काही वगळलं नाही, काही सजवलं नाही. वीस मिनिटं संपली, घंटा वाजली, बाहेर पुढचा पेशंट खोकला. मरियामानं घंटा बंद केली आणि पलंगाच्या कडेला बसली. ती रागावली नव्हती, पण आंटी म्हणताना जी ऊब तिच्या चेहऱ्यावर यायची ती आता नव्हती. कामाच्या माणसाचा चेहरा होता तो, दुखतंय कुठे ते नीट विचारून घेणारा.

"आता तीन वर्षांनी जाईन मी," ती शेवटी म्हणाली. "तेव्हा नेते. ती नाही, पण तिचा दगड तिच्या जागी जाईल. मला फक्त सांगा, कुठल्या खांबावरचा होता? तिथं खूप खांब आहेत, आंटी. चुकीच्या जागी ठेवायला नको."

मालिनीबाईंनी डोळे मिटले. त्यांना बिंताच्या डोक्याचा निळा रुमाल दिसला. शेंगा विकणारी बाई दिसली, तिच्या टोपलीची तुटलेली कड दिसली. जीपचा नंबर आठवला. आपल्या पदरावरची बुट्टी आठवली, गोटा पडला तेव्हाचा त्याचा कोमटपणा आठवला. खांब मात्र त्यांनी तेव्हा पाहिलाच नव्हता. त्या आपलं मागणं मागत होत्या.

"कमरेएवढा होता," त्या म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळानं, "की त्याहून थोडा उंच."

मरियामा वाट बघत राहिली.